गोड वासाचं तोंड

माणसाच्या तोंडाइतकी घाण जागा देवानं दुसरी केलेली नाही. हे माझं मत लहानपणापासूनचं आहे आणि ते बदलायला लावेल असं तोंड मला अजून भेटलेलं नाही. गटारावर निदान फरशी टाकता येते. तोंड मात्र माणूस सरळ तुमच्या नाकाशी आणतो, उघडतो, आणि वर विचारतो, "काय गं, बरी आहेस ना?" आपण श्वास कोंडून मान हलवायची. शी!

ही किळस मला वडिलांकडून मिळाली. ते धुळ्याला लाल गाडीवर कंडक्टर होते. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. गाडीच्या खडखडाटात प्रवाशानं सांगितलेलं गाव ऐकू येत नसे, म्हणून नानांना प्रत्येकाच्या तोंडाशी कान न्यावा लागायचा. आता कान गेला की शेजारी नाकही जाणारच. संध्याकाळी घरी आले की चहाच्या आधी ते मोरीत जाऊन नाकात पाणी ओढून शिंकरायचे आणि मग सुरू व्हायचे. "आज साक्रीच्या गाडीला एक तोंड भेटलं बरं का. तिकिटाला छिद्र पाडायचं सोडून मीच गाडीबाहेर उडी मारणार होतो." आई ओरडायची, "जेवणाच्या वेळी तरी नका हो!" आम्ही भावंडं मात्र ताट बाजूला सारून ऐकायचो.

नानांनी या विषयाचा चांगलाच विचार केला होता. बिचाऱ्यांना दुसरं करण्यासारखं काय होतं? त्यांचं म्हणणं असं, की लोक उगाच पोटाला बदनाम करतात. तोंडाला वास आला की एरंडेल पाजतात. पण पोटाचा वास आला तर ढेकरेतून येतो. एरवीचा सगळा माल तोंडातच पडलेला असतो. किडलेल्या दाढेत कालचं जेवण सडतं, हिरड्या सुजून त्यातून पू येतो, आणि जिभेवर पांढरा थर साचतो तो तर कुणी आयुष्यात खरवडत नाही. सर्दी मुरलेल्या माणसाचा वास वेगळा, तो नाकामागून येतो. उपाशी माणसाचा वेगळा, कारण त्याच्या तोंडाला लाळ सुटत नाही. "लाळ म्हणजे तोंडाची मोलकरीण," असं ते म्हणायचे. "ती सुट्टीवर गेली की घरात उकिरडा." आणि लसणीचा वास चूळ भरून जात नाही, हे त्यांचं कोडं होतं. दात घासा, पान खा, काहीही करा, तो आपला येतच राहतो. "कुठून येतो कोण जाणे," ते म्हणायचे आणि डोकं खाजवायचे. हे कोडं पुढं मला कामाला येणार होतं.

अशा घरातली मी मुलगी. रोज सकाळी जीभ खरवडल्याशिवाय आम्हाला चहा नसे. ऐंशीच्या दशकात, म्हणजे मी विशीत असताना, माझं लग्न झालं आणि मी रावेरजवळच्या एका खेड्यात केळीच्या बागायतदारांच्या घरात जाऊन पडले. माझं कर्म! त्या घरातली तोंडं काय सांगू?

सासू, म्हणजे आमच्या आत्याबाई, मिशरी लावायच्या. तव्यावर तंबाखू करपवायची, काळी ठिक्कर झाली की कुटायची आणि ती बोटानं हिरड्यांना चोळत ओट्यावर तासभर बसायचं. तंबाखू भाजताना घरभर असा खाट सुटायचा की डोळ्यांतून पाणी यायचं. मग ती काळी लाळ ओघळायची, ती आत्याबाई मनगटानं पुसायच्या आणि त्याच हातानं मला भाकरीचं पीठ दाखवायच्या, "असं मळ." त्या जवळ आल्या की जळका, आंबट, कुजका असा तिन्हींचा मिळून एक वास यायचा. हिरड्या पार खालावलेल्या, दात लांब झालेले, आणि म्हणायच्या काय, तर मिशरीनं दात मजबूत होतात! आमचे हे तंबाखू-चुन्याचे भक्त. वर रात्रीच्या जेवणात हिरव्या मिरचीचा लसूण घातलेला ठेचा. नवी नवरी लाजून तोंड फिरवते असं सगळ्यांना वाटायचं. लाज कसली डोंबलाची, मी श्वास घ्यायला तोंड फिरवायचे.

आणि मी एकदा नाकाला पदर लावलेला आत्याबाईंनी पाहिला, तेव्हापासून माझं नावच पडलं. "ही धुळ्याची नाकानं कांदे सोलते," त्या आल्या-गेल्याला सांगायच्या. "बापानं तिकिटं फाडली, पोरगी नाक फाडून ऱ्हायली."

त्या घरात एकच तोंड स्वच्छ होतं. माझ्या नणंदेचं. ती तेव्हा सतरा-अठरा वर्षांची होती, यांच्याहून बरीच धाकटी. हसरी, बडबडी, आणि दातांची पांढरी शुभ्र. पांढऱ्या पावडरीनं दोन वेळा दात घासायची, जेवल्यावर बडीशेप चावायची. माझ्या कानाशी येऊन कुजबुजायची परवानगी त्या गावात फक्त तिला होती. आत्याबाईंची नक्कल करायची असली की ती माझ्या कानाला तोंड लावायची आणि आम्ही दोघी भांडी घासता घासता हसून लोळायचो. त्या परक्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच माणूस होतं.

तिचं लग्न ठरलं. यावल तालुक्यातलं स्थळ, त्यांचीही केळी. साखरपुडा माघात धरला. आणि त्याच थंडीत कधीतरी मला तिच्या तोंडाचा वास बदललेला जाणवला.

गंमत बघा, तो वास घाण नव्हता. गोड होता. पिकून काळं पडलेलं केळं सोलल्यावर येतो ना, तसा. आता केळीच्या गावात केळीचा वास आला तर त्यात कुणाला काय वाटणार? आमच्या घराला तर तो वासच होता. मधल्या खोलीत घरच्यासाठी घड टांगलेले, अंगणात सालं, गोठ्यात सडके फणे, बागेत कापलेल्या केळीच्या खांबांचा चीक, आणि रस्त्यानं भरलेले ट्रक. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात. मी म्हणते, पिकतं तिथं नाकही चालत नाही. पोरगी केळी खाते म्हणून केळ्याचा वास येतो, संपलं.

आत्याबाईंनी तर चोरीच पकडली. उपासासाठी राखलेल्या फण्यातली केळी कमी झाली असं त्यांना वाटलं, आणि पोरीचं तोंड त्यांनाही हुंगता आलं. मिशरीच्या त्या धुरातून त्यांना दुसऱ्याचं तोंड कसं हुंगता आलं देव जाणे, पण आलं. "चोरून केळी खाते अन् मंग जेवत नाही," त्या ओरडल्या. "म्हणून अशी चिपाड होऊन ऱ्हायली." पोरगी रडकुंडीला आली. "आई, मी हात नाही लावला गं." कोण ऐकतो? तोंडालाच वास येतोय म्हटल्यावर साक्षीदार कशाला हवा.

चिपाड मात्र ती खरंच झाली होती. तिची पोलकी मी दोनदा आत घेतली. आणि पाणी! माठ भरला की रिता. तांब्या उशाशी घेऊन झोपायची, आणि सारखी मोरीत. मोरीच्या दगडावर मुंग्यांची रांग लागलेली असायची. मला त्या मुंग्यांची इतकी किळस यायची की मी सकाळी उठून आधी त्यांच्यावर गरम पाणी ओतायचे. पण केळीच्या घरात मुंग्या काही नवीन नव्हत्या. त्याचंही उत्तर आमच्याकडं तयार होतं, केळी. सुकण्याचं उत्तरही तयार होतं, "लग्न ठरलं की पोरी सुकतातच."

साखरपुडा चार-सहा दिवसांवर आला तेव्हा मी तिला माझ्या माहेरी धुळ्याला घेऊन गेले. साडी घ्यायची होती, आणि तिला जरा हवापालट. जळगावला गाडी बदलून आम्ही पोचलो तर ती दारातच बसली. नाना पाण्याचा तांब्या घेऊन आले, तिच्यासमोर वाकले, आणि त्यांचं नाक हललं. ते घरात अहिराणीच बोलायचे.

"गाडीमा केळं खादं का व, पोरी?"

"नाही हो, नाना. सकाळपासून काहीच नाही खाल्लं. मळमळतंय."

नाना माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, "अहो, केळीच्या घरची आहे ती. अंगालाच वास लागलेला असेल." नानांना ते पटलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या मोरीत न्हाली, माझ्या आईची धुतलेली साडी नेसली. दात घासले, मी उभं राहून तिच्याकडून जीभ खरवडून घेतली, मिठाच्या पाण्यानं चूळ भरायला लावली. घरात केळ्याचं सालसुद्धा नव्हतं. मग तिला म्हटलं, "हा कर." तिनं 'हाऽऽ' केलं, आणि तो वास आला. तसाच, गोड, नासलेला. रावेरला असताना तो सगळ्या वासांत मिसळलेला होता, इथं एकटाच समोर आला. आणि मला पहिल्यांदा त्याची शिसारी आली. अरे, इथं केळं आहे कुठं? तोंड धुतलेलं, जीभ साफ, दात एकही किडलेला नाही. मग हा येतो कुठून? नानांचं लसणीचं कोडं आठवलं. घासून जात नाही तो वास तोंडातला नसतोच, आणखी आतून कुठून तरी येतो.

परत आल्या आल्या मी आत्याबाईंना सांगितलं. "पोरीला जळगावला दाखवू या. हा वास केळीचा नाही."

"मंग कशाचा? अत्तराचा?"

"मला माहीत नाही कशाचा. पण धुळ्याला केळी नव्हती आणि वास होता."

त्या मिशरीचं बोट तोंडात तसंच ठेवून माझ्याकडं बघत राहिल्या. मग पचकन थुंकल्या. "साखरपुडा तोंडावर आला अन् पोरीला दवाखान्यात घेऊन जाते का? सोयऱ्यांच्या कानावर गेलं तं? आजारी पोरगी गळ्यात मारली म्हणतील. एकदा साखर पडू दे तोंडात, मंग ने कुठी न्यायचं ते."

मी भांडले. चांगली भांडले. यांनाही सांगितलं. हे म्हणाले, "आई म्हणते ते काय चूक आहे? कार्यक्रम झाला की दुसऱ्या दिवशी नेऊ." गावच्या डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यामुळं सगळ्यांना निवांत वाटत होतं. मला तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

साखरपुड्याच्या सकाळी तिचा श्वास मोठा मोठा चालला होता, पळत आल्यासारखा. ओठ सुकलेले. मी हिरवी साडी नेसवत होते तर ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून म्हणाली, "वहिनी, मला झोपू दे ना." मी बाहेर जाऊन आत्याबाईंना पुन्हा म्हटलं. त्यांनी हात जोडले. "बाई, तासाभराचं काम हाय. माझ्या पोरीचं वाटोळं नको करू."

मांडवात तिला पाटावर बसवलं. आणि मग सुरू झालं ते तोंड गोड करणं. आजही मला तो प्रकार आठवला की मळमळतं. यावलकडच्या बायका एकामागून एक येत होत्या. ओटीत खोबरं, कपाळाला कुंकू, आणि तोंडात साखरेची चिमूट. मग पेढा. मग बर्फीचा तुकडा. कुणाची नखं हळदीनं पिवळी, कुणाचं बोट आधीच्या पेढ्यानं चिकट, आणि प्रत्येकीचं तेच. "अगं, तोंड गोड कर की! नवरी आहे का कोण?" एकीनं तर तिचे गाल दाबून तोंड उघडलं आणि आत पेढा कोंबला. ती गिळत नव्हती. गालात साठवत होती. हनुवटीवरून पेढ्याची लाळ ओघळत होती.

मग ती ओकली. हिरव्या साडीवर, पाटावर, समोर बसलेल्या तिच्या होणाऱ्या आत्येसासूच्या पायावर. आणि तशीच बाजूला कलंडली.

ती आत्येसासू तिच्या तोंडाशी वाकली, हुंगली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं बाई, पोरगी पिते का काय? दारूचा भपकारा येतोय!"

आत्याबाई जागच्या जागी बसल्या. सगळ्या बायका तोंडाला पदर लावून मागं सरल्या. आता सगळ्यांनाच वास यायला लागला होता! इतके दिवस कुणाच्या नाकाला केळं सोडून काही कळलं नाही आणि आता एकदम दारू! माझं डोकं फिरलं. मी त्या बाईला म्हटलं, "दारू नाही, मरण आहे ते. बाजूला व्हा." शोभलं नाही नव्या सुनेला, पण गेलं तोंडातून. मी पोरीचे गाल दाबून बोटानं तिच्या तोंडातला सगळा पेढा खरवडून काढला. माझं बोट दुसऱ्याच्या तोंडात! ओकारी येत होती, तरी काढला.

गाडी कुठली तर रस्त्यावर केळीचा ट्रक भरून उभा होता. हे पुढं चढले, मी पोरीला मांडीवर घेतलं, आणि आत्याबाई अनवाणी धावत येऊन माझ्या बाजूला कोंबल्या गेल्या. चारही बाजूंनी केळीचा वास, ड्रायव्हरच्या बिडीचा वास, अंगावर ओकारी, आणि मिशरीचं तोंड माझ्या गालाला लागलेलं. सारखी एकच विचारणा, "हुंग ना गं, येते का अजून? कमी झाला का?" केळीच्या ट्रकमध्ये मी काय हुंगणार होते, कपाळ? भुसावळ जाईपर्यंत ती हाकेला 'ओ' देत होती. पुढं तेही बंद झालं. मोठा श्वास तेवढा चालू होता.

जळगावच्या दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी नाडी धरली आणि मग तिच्या तोंडाशी वाकून दीर्घ श्वास घेतला. तोंड फिरवलं नाही, नाक मुरडलं नाही. "साखर आहे हिला," ते म्हणाले. "केव्हापासून येतोय हा वास?"

मी म्हटलं, "थंडी सुरू झाल्यापासून. सगळ्यांना केळीचा वाटला."

"बरोबर आहे, तसाच येतो. पण हा वास तोंडाचा नाही, रक्ताचा आहे." हाताला सुई लावता लावता त्यांनी सांगितलं, की अंगात इन्सुलिन बनत नाही म्हणून खाल्लेली साखर अंगी लागत नाही, लघवीवाटे वाहून जाते. मग शरीर आपलीच चरबी जाळायला लागतं, आणि त्या जळण्याचा जो विषारी धूर होतो तो श्वासातून बाहेर पडतो. मी विचारलं तेव्हा म्हणाले, लसणीचा वासही असाच रक्तातून फुप्फुसात येतो. नानांचं कोडं असं सुटलं. पण मला आनंद कसला व्हायचा? मोरीतल्या मुंग्या आठवल्या. त्यांना आमच्याआधी कळलं होतं.

आत्याबाईंनी विचारलं, "डॉक्टर, आज सकाळी आम्ही तिला पेढे भरवले हो."

डॉक्टर म्हणाले, "पेढ्यानं झालेलं नाही हे, आजी. पण आज आणलंत ते बरं केलंत." आणि पुढं म्हणाले, "उद्या आणून उपयोग नव्हता."

उद्याच आणणार होतो आम्ही. आत्याबाई दवाखान्याच्या भिंतीला टेकून खाली बसल्या आणि त्यांनी स्वतःच्या तोंडात मारून घेतलं, एकदा नाही, दोनतीनदा. मी हात धरले त्यांचे.

पोरगी वाचली. लग्न मोडलं. यावलचा निरोप आला, "तुमची साखर तुम्हालाच लखलाभ." ते ऐकून मला हसू आलं आणि रडूही.

मग आमच्या घरात नवीन घाण सुरू झाली. काचेची सिरिंज उकळायची, इन्सुलिनची बाटली वाटीत घालून माठाच्या गारव्याला ठेवायची. परीक्षानळीत निळं औषध घेऊन त्यात तिच्या लघवीचे थेंब टाकायचे आणि ज्योतीवर उकळायचे. निळं राहिलं तर ठीक, विटकरी झालं तर साखर. तो उकळत्या मुताचा वास स्वयंपाकाच्या वासात मिसळायचा. शी शी शी! सोवळं-ओवळं पाळणाऱ्या आत्याबाई स्वतः नळी धरून बसायच्या आणि रंग बघून मला हाक मारायच्या.

आणि रोज सकाळी, कुणीही तोंड धुण्याआधी, ती माझ्यासमोर येऊन उभी राहायची. "वहिनी, हुंग." डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं, तो वास पुन्हा आला की थांबायचं नाही, थेट जळगाव. त्या घरात तो वास नेमका ओळखणारं नाक माझं एकटीचं. आत्याबाईंनी घरातली केळी बाहेर काढायला लावली, घड गोठ्यात टांगले, का तर माझं नाक चुकू नये. नाकानं कांदे सोलणारीच्या नाकाला असा भाव आला! मी तिच्या उघड्या तोंडात नाक घालायचे. पारोशा तोंडाचा वास, रात्रीच्या वरणाचा, कांद्याचा, साचलेल्या लाळेचा. ओकारी यायची हो, अगदी रोज यायची.

"येतो का?" ती विचारायची.

"येतो. गटाराचा."

"केळीचा?"

"नाही. नुसती घाण आहे."

मग ओट्यावरून आत्याबाईंचा आवाज यायचा, "घाण येते ना? मंग बरं हाय, मंग बरं हाय."

अशी काही वर्षं गेली. नव्वद साल उलटलं. तिच्यासाठी स्थळं बघणं पुन्हा सुरू झालं. आम्ही आजार लपवला नाही, त्यामुळं चहा पिऊन "कळवतो" म्हणणारे बरेच आले आणि गेले. एक आला तो जळगावला पाइपच्या कारखान्यात कामाला होता. आईवडील नव्हते, मोठी बहीण घेऊन आला होता. त्यांची शेवटची गाडी चुकली म्हणून दोघं मुक्कामाला राहिले. मला ते बरंच झालं.

सकाळी तो अंगणात तोंड धुवायला आला तेव्हा मी नणंदेला तशीच, पारोशी, त्याच्यासमोर उभी केली. म्हटलं, "इन्सुलिनचं सगळं तुम्हाला सांगितलंय. पण हिला रोज सकाळी हुंगावं लागतं. मी काही जळगावला येणार नाही. तुम्हाला जमेल का?"

त्याची बहीण "अगं बाई!" म्हणून दारातच थबकली. आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. "ही धुळ्याची एक दिवस आम्हाले बुडवणार!" पोरीचे कान लाल झालेले. तिनं खाली मान घालून "वहिनी, काय हे" म्हटलं, पण पळाली नाही. डोळे मिटून घेतले आणि तोंड उघडलं.

तो हातातला तांब्या खाली ठेवून पुढं आला, वाकला, आणि त्या डॉक्टरांसारखा दीर्घ श्वास घेतला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"खरं सांगू का वहिनी?" तो म्हणाला. "फार घाण येते."

"कसली?"

"लसणीची. आणि शिळ्या तोंडाची."

"गोड काही?"

त्यानं पुन्हा वाकून हुंगलं. सावकाश, अगदी मन लावून. "नाही. गोड अजिबात नाही."

पोरीनं डोळे उघडले आणि त्याच्या तोंडावर फिस्सकन हसली. तेवढ्यात जमलं असं धरून त्याच्या बहिणीनं सवयीनं पदराच्या गाठीतली खडीसाखर काढली, तिच्या तोंडात घालायला पुढं झाली. आत्याबाई ओट्यावरून उठल्या, इतक्या वयाच्या बाई, धावतच आल्या आणि त्यांनी ती साखर हिसकावून मुठीत घट्ट धरली. "नको," त्या म्हणाल्या. "माझ्या लेकीचं तोंड असंच राहू द्या, घाण." आणि मिशरीनं बरबटलेला काळा हात माझ्या गळ्यात टाकून, तोंड माझ्या नाकाशी आणून, मोठमोठ्यानं रडायला लागल्या. आणि मी, काय सांगू, जन्मात पहिल्यांदा तोंड फिरवलं नाही.